स्टार्च कुणाचं? थायरॉइडच्या एका गोळीचं प्रकरण

डबी काउंटरवर ठेवून ताई म्हणाल्या, "मॅडम, ह्यात गहू आहे का, एवढंच सांगा."

थायरॉइडच्या गोळ्यांची डबी होती, शंभरातल्या जेमतेम वीस-एकवीस गेलेल्या. तारीख बघितली तर दहा आठवड्यांपूर्वीची. रोज एक गोळी घ्यायची, म्हणजे सात आठवडे गोळी पोटात गेलीच नव्हती.

"बंद कुणी केली?"

"मीच."

"डॉक्टरांना सांगितलंत?"

त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

मी रुग्णालयाच्या औषध विभागात फार्मासिस्ट आहे. हे प्रकरण त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं गाळून लिहिते आहे. औषधात ग्लूटेन, म्हणजे गहू-बार्लीसारख्या धान्यांतलं प्रथिन, आहे का, हा प्रश्न आमच्याकडे अधूनमधून येत असतो. "नाही हो, काही नसतं" म्हणून तो उडवून लावणारे असतात आणि "शंका असेल तर बंदच करा" म्हणणारेही असतात. दोघेही रुग्णाचं सारखंच नुकसान करतात, हे मला ह्या केसमध्ये जितकं लख्ख दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं.

ताईंचं वय ४१. सहा वर्षांपूर्वी आतड्याचा तुकडा तपासून सीलिअ‍ॅक आजाराचं निदान झालेलं. ह्यात ग्लूटेन पोटात गेलं की आतड्याला इजा होते. चार वर्षांपासून थायरॉइड कमी, त्यासाठी लेव्होथायरॉक्सिन ७५ मायक्रोग्रॅम. हे दोन आजार एकाच माणसात आढळणं नवल नाही. पहिल्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली असते, दुसऱ्यातही बहुधा तसंच असतं. पथ्य त्यांनी कडक सांभाळलं होतं. थायरॉइड कमी पडलं की रक्तात वाढणारा टीएसएच दोन-अडीचच्या आसपास स्थिर होता आणि ग्लूटेन पोटात जात राहिलं की वाढणाऱ्या अँटिबॉडीची टीटीजी-आयजीए चाचणी गेली तीन वर्षं नॉर्मल येत होती. ह्या वेळी गोळ्या संपल्यावर दुकानात नेहमीच्या कंपनीचा माल नव्हता. त्याच औषधाची, त्याच मात्रेची दुसऱ्या कंपनीची डबी मिळाली. गोळीचा रंग वेगळा, आकार वेगळा. तिसऱ्या आठवड्यात पोट फुगायला लागलं, दिवसातून तीन-चारदा पातळ शौच. त्यांनी आतलं माहितीपत्रक उलगडून वाचलं. बारीक अक्षरांत घटकांची यादी होती आणि तिच्यात एक शब्द होता: स्टार्च. कशाचं, ते लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी गोळी बंद झाली.

त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. सहा वर्षं ज्या बाईने प्रत्येक पाकिटाची मागची बाजू वाचूनच वस्तू उचलली, तिला नेमकं औषधाचंच पाकीट अर्धवट माहिती देत होतं. अमेरिकेत अन्नावर गव्हाचा उल्लेख सक्तीचा करणारा कायदा २००४ साली झाला, पण तो अन्नापुरताच. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं त्याच्या कक्षेत येत नाहीत. पाकीटबंद खाद्यपदार्थाला जे बंधन, ते रोज आयुष्यभर घ्यायच्या गोळीला नाही. हे मला आजही पटत नाही.

मी आधी त्यांना बसवलं आणि डॉक्टरांना फोन लावला. टीएसएच त्याच दिवशी केला, तो ३१ आला. साधारण ४ पर्यंत चालतो. थकवा, थंडी सहन न होणं, केस गळणं हे सगळं त्या "पोट बिघडल्याचं" समजून चालल्या होत्या. टीटीजीसुद्धा केली. १० ही मर्यादा असलेल्या चाचणीत जी नेहमी चारच्या आसपास यायची, ती २३ आली. म्हणजे कुठून तरी ग्लूटेन शरीरात जात होतं. पण गोळी तर सात आठवडे बंद! ही विसंगती मला तिथल्या तिथे जाणवायला हवी होती. जाणवली, पण मी तिचं उत्तर मनातल्या मनात देऊन टाकलं: ही अँटिबॉडी उतरायला महिने लागतात, गोळीच्या त्या तीन आठवड्यांचाच परिणाम असू शकेल. ह्या घाईची किंमत आम्ही पुढे मोजली.

आता गोळीकडे वळते. लेव्होथायरॉक्सिनच्या गोळीत औषध किती असतं? ७५ मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा तेरावा-चौदावा हिस्सा. एवढं औषध चिमटीत धरता येत नाही, नीट दिसतही नाही. ते हातात घेता यावं, यंत्रात दाबता यावं, पोटात गेल्यावर वेळेवर सुटावं म्हणून बाकीचा डोलारा उभा करतात. मी ती गोळी आमच्या काट्यावर ठेवली तर वजन १३० मिलिग्रॅम भरलं. म्हणजे गोळी जवळजवळ सगळीच "निष्क्रिय" घटकांची. हा शब्द मला कधीच आवडला नाही. घटक रोगावर काम करत नाहीत एवढ्यापुरतेच ते निष्क्रिय. एमआयटी आणि बोस्टनच्या संशोधकांनी २०१९ साली अमेरिकेतल्या तोंडाने घ्यायच्या बेचाळीस हजारांवर औषधांचे घटक तपासले, तेव्हा त्यांतल्या ९२.८ टक्के औषधांत कुणाला ना कुणाला त्रास देऊ शकेल असा निदान एक घटक निघाला. लॅक्टोज तर साधारण ४५ टक्क्यांत. त्रास प्रत्येकाला होतो असं नाही, मात्राही बहुधा फार कमी असते. पण "निष्क्रिय" म्हणून डोळे मिटून घ्यावेत असं हे प्रकरण नाही.

ताईंच्या गोळीत लॅक्टोज होतं, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज होतं, मॅग्नेशियम स्टिअरेट होतं, सोडियम स्टार्च ग्लायकोलेट होतं आणि ते बिनबापाचं स्टार्च. ह्यांपैकी ग्लूटेनच्या दृष्टीने चौकशी करावी असे दोनच, ज्यांच्या नावात स्टार्च आहे ते. सेल्युलोज लाकडाच्या लगद्यापासून येतं, लॅक्टोज दुधापासून. पाण्यात टाकल्यावर गोळी फुगून विस्कटते ती ह्या स्टार्चमुळेच. मका, बटाटा, टॅपिओका, तांदूळ, गहू ह्यांतलं कुठलंही चालतं. गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा मक्याचं असतं.

पण "बहुतेक" ह्या शब्दावर सीलिअ‍ॅकचा रुग्ण झोपू शकत नाही. मग समजा गव्हाचंच निघालं, तर?

इथे एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. विलेम डिके ह्या डच बालरोगतज्ज्ञांनी १९५० च्या आपल्या प्रबंधात गव्हाचा ह्या आजाराशी असलेला संबंध मांडला. त्यानंतर काही वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गव्हाचे भाग वेगळे करून मुलांवर होणारा परिणाम बघितला. त्रास देणारा भाग प्रथिनाचा निघाला, म्हणजे ग्लूटेनचा. धुऊन वेगळं काढलेलं स्टार्च गुन्हेगार नव्हतं. तेव्हा प्रश्न असा उरतो की धुतल्यावर स्टार्चला प्रथिन किती चिकटून राहतं. युरोपच्या औषधकोशात गव्हाच्या स्टार्चमध्ये एकूण प्रथिन ०.३ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

मग मी कागद घेतला आणि ताईंच्या समोरच हिशेब मांडला. वाईटात वाईट धरायचं. अर्धी गोळी गव्हाच्या स्टार्चची, म्हणजे ६५ मिलिग्रॅम. त्यातलं प्रथिन कमाल मर्यादेला टेकलेलं आणि ते सगळंच्या सगळं ग्लूटेन. उत्तर येतं ०.२ मिलिग्रॅम. आता दुसरी बाजू. "ग्लूटेनमुक्त" लिहिलेल्या अन्नाची मर्यादा आहे २० पीपीएम, किलोमागे २० मिलिग्रॅम. असा पदार्थ ३० ग्रॅम खाल्ला तर त्यातून ०.६ मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन कायदेशीरपणे जाऊ शकतं. म्हणजे त्या निर्धास्तपणे जे खात होत्या त्याच्या एका वाढणीतून ह्या काल्पनिक गोळीच्या तिप्पट.

आणि आतडं किती सोसतं? इटलीत कार्लो कातास्सी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास ह्या बाबतीत सगळ्यात जास्त सांगितला जातो. पथ्यावर असलेल्या ४९ प्रौढांना ९० दिवस रोज एक कॅप्सूल दिली, कुणाला ५० मिलिग्रॅम ग्लूटेनची, कुणाला १० ची, कुणाला कोरी. ५० वाल्यांच्या आतड्याची हानी तपासणीत दिसली. १० वाल्यांच्या गटात तशी ठळक हानी दिसली नाही. मात्र त्यांतल्या एकाला लक्षणं उलटून आली. तो एक माणूस मी कधी विसरत नाही आणि रुग्णांपासून लपवतही नाही. सरासरी त्याच्या कामाची नव्हती. पण ०.२ हा आकडा १० च्या पन्नासावा हिस्सा आहे, आणि तोही वाईटात वाईट धरून.

ताई कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग हे डबीवर का नाही लिहीत?"

ह्याला माझ्याकडे समाधानकारक उत्तर नाही. युरोपात निदान गव्हाचं स्टार्च असेल तर माहितीपत्रकात लिहावं लागतं. २०१७ मध्ये सुधारलेल्या तिथल्या मजकुरात एका गोळीत जास्तीत जास्त किती मायक्रोग्रॅम ग्लूटेन आहे तेही सांगायचं, आणि सीलिअ‍ॅकला त्रास होण्याची शक्यता फार कमी असली तरी गव्हाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याने हे औषध घेऊ नये असंही सांगायचं असतं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण अ‍ॅलर्जी हा निराळाच आजार आणि माझा वरचा हिशेब त्या रुग्णाला लागू नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, डिसेंबर २०१७ मध्ये औषधांतल्या ग्लूटेनविषयी एक मसुदा काढला. गव्हाचं पीठ किंवा ग्लूटेन मुद्दाम घातलेलं तोंडाने घ्यायचं कुठलंही औषध बाजारात असल्याचं आपल्या माहितीत नाही, असं त्यात म्हटलं आहे. गहू, बार्ली किंवा राय ह्यांपासून केलेला कोणताही घटक ह्यात नाही, असं एक वाक्य कंपन्यांनी खरं असेल तिथे छापावं, अशी शिफारसही केली आहे. शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. एक ओळ छापली असती तर ताईंचे सात आठवडे वाचले असते.

डॉक्टरांनी गोळी दुसऱ्या दिवसापासून जुन्याच मात्रेत सुरू करायला सांगितली. ताईंनी हिशेबाचा कागद मागून घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

त्या गेल्यावर मी एक गोळी खलात चुरडली. त्यातल्या थोड्या चुऱ्यावर आयोडीनचा थेंब टाकला तर तो निळा-काळा झाला, म्हणजे स्टार्च आहे. कुणाचं, हे आयोडीन सांगत नाही. म्हणून उरलेला चुरा पाण्याच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली धरला. डी. फार्म.च्या पहिल्या वर्षी आमच्याकडून हे घोटून घेतलं होतं: बटाट्याचे कण मोठे, शिंपल्यासारखे, एका टोकाला बिंदू आणि त्याभोवती वलयं, मक्याचे कोनाकोनाचे, मधोमध चांदणीसारखी भेग, गव्हाचे मसुराच्या डाळीसारखे चपटे, एक मोठा आणि भोवती चिमुकल्यांचा घोळका. मला कोनाकोनाचे दिसले, भेग असलेले. मधूनमधून फुगलेले मोठे लंबगोल. चपटे एकही नाहीत. बरं वाटलं. पण एका गोळीच्या चुऱ्यावरून रुग्णाला हमी देत नाहीत, म्हणून कंपनीला पत्र लिहिलं.

पहिलं उत्तर आठवड्याने आलं, दोन ओळींचं: आमच्या उत्पादनात ग्लूटेन मिसळले जात नाही. असं उत्तर वाचून समाधान मानणाऱ्या सहकाऱ्यांना मी नेहमी थांबवते. मिसळत कुणीच नाही. प्रश्न घटकांच्या उगमाचा आहे. मी पुन्हा लिहिलं आणि ह्या वेळी बॅच नंबर टाकून नेमकं विचारलं: स्टार्च कुठल्या धान्याचं, सोडियम स्टार्च ग्लायकोलेट कशापासून, त्याच यंत्रावर गव्हाचा घटक असलेलं दुसरं काही बनतं का, आणि तयार गोळीची ग्लूटेनसाठी चाचणी होते का. दुसरं उत्तर गुणवत्ता विभागाकडून आलं, सहीशिक्क्याचं. स्टार्च मक्याचं. ग्लायकोलेट बटाट्याचं. यंत्रावर गव्हाचा घटक येत नाही. तयार गोळीची चाचणी होत नाही. शेवटचं वाक्य त्यांनी लपवलं नाही, म्हणून माझा बाकीच्या तिन्हींवर विश्वास बसला.

गोळी निर्दोष ठरली. मी फाइल जवळजवळ मिटलीच होती.

सहा आठवड्यांनी टीएसएच आला ११. खाली आला होता खरा, पण मात्रा पूर्वीचीच, वजन पूर्वीचंच, मग पूर्वीइतका का उतरला नाही? पोट अजून फुगतच होतं. डॉक्टर मात्रा वाढवायच्या विचारात होते. सीलिअ‍ॅक बळावला की आतडं हे औषध नीट शोषत नाही, त्यामुळे तो विचार चुकीचा म्हणता येत नव्हता. मी त्यांच्याकडे दोन दिवस मागितले आणि ताईंना बोलावून घेतलं.

पहिल्या भेटीत मी विचारलं होतं, "कुठली कुठली औषधं घेता?" आणि त्यांनी गोळ्यांचीच नावं सांगितली होती. ह्या वेळी मी विचारलं, "सकाळी डोळे उघडल्यापासून काय काय तोंडात जातं, घड्याळ लावून सांगा."

"सहाला उठते. उपाशीपोटी थायरॉइडची गोळी. लगेच टॉनिक. मग तासाभराने नाश्ता."

"कुठलं टॉनिक?"

"रक्ताचं. हिमोग्लोबिन कमी होतं ना, म्हणून लिहून दिलेलं. चार महिने होत आले असतील. गोळीने मळमळायचं, म्हणून पातळ दिलं."

चार महिने. नवी डबी आली त्याच आठवड्यात ही बाटलीही आली होती. रंग बदललेल्या गोळीवर सगळं लक्ष गेलं आणि बाटली "टॉनिक" म्हणून औषधांच्या यादीतूनच निसटली. त्यांच्या आणि माझ्याही.

बाटलीचा फोटो त्यांनी घरून मागवला. मी तो मोठा करून वाचला. फेरस ग्लुकोनेट, बी गटातली जीवनसत्त्वं, आणि खाली आधारद्रव्यात माल्ट अर्क. माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेली बार्ली. बार्लीतलं हॉर्डीन हे प्रथिन सीलिअ‍ॅकच्या रुग्णाला गव्हाच्या प्रथिनासारखंच बाधतं. आणि रोजचा डोस दोन वेळा पंधरा मिलिलीटर, म्हणजे इथे बोलणं मिलिग्रॅमच्या अंशांचं उरत नाही. नेमकं किती हॉर्डीन गेलं हे मोजणंही सोपं नाही. अर्क काढताना प्रथिनाचे तुकडे होतात. ग्लूटेन शोधायची नेहमीची चाचणी प्रथिनाला दोन ठिकाणी पकडते. तुकडा लहान झाला की दुसरी जागाच उरत नाही आणि आकडा खोटा कमी येतो.

एक खुलासा इथेच करते, कारण ह्यानंतर ताईंनी नावात "माल्ट" असलेलं सगळंच टाकायला काढलं होतं. माल्टोडेक्स्ट्रिन, माल्टिटॉल, माल्टोज ही नावं ऐकायला तशीच असली तरी तो बार्लीचा अर्क नव्हे. स्टार्च फोडून, शुद्ध करून केलेले पदार्थ आहेत ते. माल्ट, माल्ट अर्क, माल्ट सिरप हे शब्द दिसले की मात्र थांबायचं.

दुसरा घाव वेळेचा होता. लोह लेव्होथायरॉक्सिनला पोटातच धरून ठेवतं आणि आतड्यातून शोषू देत नाही, म्हणून दोघांत निदान चार तासांचं अंतर हवं. दोन्हींवर "उपाशीपोटी" लिहिलं होतं आणि त्यांनी ते तंतोतंत पाळलं होतं. गोळी पुन्हा सुरू होऊनही टीएसएच ११ वर का अडकला, ते इथे उलगडलं. गोळी पहिल्यांदा बंद करायच्या आधीच्या तीन आठवड्यांतही ती पुरती लागू पडली नसणार.

बाटली त्या दिवशी बंद झाली. डॉक्टरांनी लोह शिरेतून द्यायचं ठरवलं, दोन वेळा येऊन जावं लागलं. लेव्होथायरॉक्सिनची मात्रा वाढवली नाही. पोट दोन आठवड्यांत बसलं. ते माल्ट सुटल्यामुळे की तोंडाने घ्यायचं लोह सुटल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. लोहाने पोट एरवीही बिघडतं. पण आहारतज्ज्ञ बाईंनी जेवणखाण बारकाईने तपासूनही कुठे गळती सापडली नव्हती आणि टीटीजी सहा महिन्यांत २३ वरून ६ वर आली. टीएसएच आठ आठवड्यांनी ३.१.

टॉनिकच्या कंपनीला मी लिहिलं. माल्ट अर्क बार्लीचाच असल्याचं त्यांनी कळवलं. सीलिअ‍ॅकच्या रुग्णांसाठी लेबलवर सूचना टाकाल का, ह्या प्रश्नाला अजून उत्तर नाही. मी दर तीन महिन्यांनी ते पत्र पुन्हा पाठवते. आमच्या संगणकात त्या औषधापुढे लाल खूण लावून घेतली आहे आणि सीलिअ‍ॅक नोंद असलेल्या रुग्णाला ते लिहिलं गेलं तर पडदा अडतो. औषधांचा इतिहास घेण्याच्या आमच्या फॉर्मवर "सिरप, टॉनिक, चघळायच्या गोळ्या" अशी वेगळी ओळ आली आणि प्रत्येक औषधापुढे वेळेचा रकाना.

गेल्या महिन्यात ताईंच्या गोळ्यांची कंपनी पुन्हा बदलली. त्या डबी घेऊन आल्या, बॅच नंबर आधीच कागदावर उतरवलेला. मी चारही प्रश्नांचं पत्र त्यांच्यासमोर पाठवलं. उत्तर यायचं आहे. "तोवर?" मी विचारलं. त्यांनी पर्समधून घडी पडून मऊ झालेला तो हिशेबाचा कागद काढून दाखवला. "आज सकाळी घेतली," म्हणाल्या.